तळ्यावरचा नसलेला नावाडी

आमच्या कंपनीत जुने खेळ नवे करतात. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीला डबा जोडून, त्यात कॅसेट खुपसून जे व्हिडिओ गेम खेळायचे, ते घ्यायचे आणि आजच्या यंत्रांवर चालतील असे पुन्हा बांधायचे. खेळ जसाच्या तसा ठेवला तर लोक म्हणतात, मग तुम्ही केलंत काय? बदलला तर म्हणतात, आमच्या बालपणाचा गळा घोटलात. या दोन शिव्यांच्या मध्ये जी चिंचोळी जागा उरते तिच्यात आमची साठ माणसं बसतात. मी त्यांच्यात प्रशासन अधिकारी आहे. बी.कॉम. झालेला माणूस असल्या ठिकाणी काय करतो, असं माझे व्याहीही विचारतात. कपाटांच्या किल्ल्या सांभाळतो, नोंदवह्या ठेवतो आणि कोणी कधी काय ठरवलं ते लिहून ठेवतो. कल्पक माणसांना काल ठरलेलं आज आठवत नाही, हा कल्पकतेचाच भाग असावा. सात महिन्यांनी मी निवृत्त होणार आहे. त्याआधी टकटकताईंबद्दल लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

टकटकताई चाचणी विभागात आहेत. वय सत्तेचाळीस. त्या विभागातल्या बाकीच्यांची वयं मिळून दोन टकटकताई होतील. त्यांचं काम भिंतींवर आपटायचं. खेळातल्या वीराला घेऊन प्रत्येक भिंतीवर, झाडावर, कुंपणावर चारही बाजूंनी धडक मारायची आणि तो आरपार जात नाही ना ते पाहायचं. एका गावात साधारण नऊशे भिंती असतात आणि खेळात एकवीस गावं. दिवसभर त्यांच्या टेबलावरून बटणाचा टकटक आवाज येतो, म्हणून हे नाव. तोंडावर सगळे नुसतं ‘ताई’ म्हणतात.

त्यांची नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची, दरवर्षी नव्याने. पदवी नाही, कारण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि भाऊ तेव्हा चष्म्यांचं शास्त्र शिकायला दुसऱ्या गावी होता. ही हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, चहाचा कप विसळता विसळता, दीड वाक्यात.

आता खेळाबद्दल. त्याचं नाव ‘सात वेशींचं राज्य’. खेळणाऱ्याने एका पोराचं सोंग घ्यायचं, गावोगाव फिरून दिसेल त्या माणसाशी बोलायचं, लोकांच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं, त्यांची मडकी फोडून आतल्या वस्तू खिशात घालायच्या आणि शेवटी एका राक्षसाला मारायचं. त्या राज्यात अशा माणसाला वीर म्हणतात. मूळ कंपनी केव्हाच बुडाली. तिच्याकडून आमच्या हाती हक्कांचा कागद आला, खेळाचं मूळ लिखाण आलं नाही. ते म्हणे एका तळघरात पाण्यात गेलं. तेव्हा आम्ही एक जुनी कॅसेट मिळवली आणि ती खेळून, पाहून, मोजून नवा खेळ बांधायला घेतला. त्या कॅसेटला आमच्याकडे ‘प्रमाण प्रत’ म्हणतात. ती माझ्या लोखंडी कपाटात असते. सही केल्याशिवाय मिळत नाही. मिळवलीही मीच होती, एका संग्राहकाकडून, प्रमाणपत्रासकट. प्रमाणपत्रावर ‘अस्सल’ अशी चकाकणारी चिकटपट्टी होती. मूळ कंपनीपाशी इतकी चकाकणारी गोष्ट एकही नसावी, हे मला तेव्हा सुचलं नाही.

चाचणीचा नियम साधा. परीक्षकाने चूक सापडली की तक्रारपत्र भरायचं. एका रकान्यात ‘प्रमाण प्रतीत काय आहे’, दुसऱ्यात ‘नव्या खेळात काय आहे’. दोन्हींत फरक असेल तर तक्रार मंजूर. नसेल, किंवा फरक मुद्दाम केलेला असेल, तर नामंजूर. वर्षात तीन नामंजूर झाल्या तर करार पुढे चालू राहत नाही. परीक्षकांनी उगाच शंका काढू नयेत म्हणून हा नियम केला. शंका काढण्यासाठी नेमलेल्या माणसांनी शंका काढू नयेत, यात कोणाला काही खटकलं नाही.

ताईंच्या दोन झाल्या होत्या. पहिली कोंबडीवरून. जुन्या खेळात तिसऱ्या गावातली कोंबडी चार पावलं डावीकडे आणि तीन उजवीकडे जायची, त्यामुळे तासाभरात ती कुंपणाला चिकटायची. नव्या खेळात ती दोन्हीकडे चार पावलं जाते. ताईंनी लिहिलं. वर उत्तर आलं, मुद्दाम सुधारलं आहे. दुसरी स्मशानातल्या संगीतावरून. तिथे एक विराम अर्ध्या मात्रेने लांबला होता. संगीतकाराने उत्तर लिहिलं, ‘इथे मला गलबलून आलं होतं.’ तीही नामंजूर.

आणि मग एका सोमवारी त्यांनी तिसरं तक्रारपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. मी वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. विषय, पाचव्या गावाबाहेरचं तळं. प्रमाण प्रतीत काय आहे, ‘काही नाही.’ नव्या खेळात काय आहे, ‘काही नाही.’ शेरा, ‘नावाडी असायला हवा.’

“ताई,” मी म्हटलं, “दोन्ही रकाने सारखेच आहेत.”

“हो.”

“मग तक्रार कसली?”

“दोन्हीकडे नाही, हीच तक्रार. तिथे नावाडी होता, साहेब. मी त्याच्या नावेतून गेले आहे.”

“कधी?”

“बारा वर्षांची असताना.”

मी त्यांना बसायला सांगितलं. नियम असा की तक्रारपत्र गुरुवारी संध्याकाळपर्यंत मागे घेता येतं. नाही घेतलं तर शुक्रवारी समितीपुढे जातं. तिसरी नामंजुरी आली तर महिनाअखेर करार संपतो तो संपतोच. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “नियम वाचूनच सही केली होती. तुमच्या इथे वाचून सही करणारी मी पहिलीच, असं तुम्हीच म्हणाला होता.”

“मग मागे घ्या.”

“आणि नावाड्याचं काय?”

खेळाचे मुख्य रचनाकार, ज्यांना सगळे व्हिजनसाहेब म्हणतात, कारण त्यांच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात तो शब्द असतो, ते नेमके तेव्हाच तिथे आले. ताईंनी त्यांनाच सरळ विचारलं, “पाचव्या गावातला वाणी वल्हं विकतो ना? ते वल्हं कशासाठी?”

“कशासाठीच नाही!” व्हिजनसाहेबांचे डोळे चमकले. “तेच तर त्याचं सौंदर्य. वीर आयुष्यभर एक निरुपयोगी वस्तू वाहतो. मी त्यावर दोन पानं लिहिली आहेत, वाचली नाहीत का?”

“वाचली. आणि शेवटी राक्षस म्हणतो, ‘त्याने सांगितलं नाही वाटतं तुला?’ त्याने म्हणजे कोणी?”

“नियती,” व्हिजनसाहेब म्हणाले.

“नावाड्याने,” ताई म्हणाल्या.

व्हिजनसाहेबांनी त्यांच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. “ताई, इंटरनेटवर आपल्याकडचे लाखो लोक या खेळाबद्दल बोलतात. चित्रफिती आहेत, नकाशे आहेत, एकाने तर प्रबंध लिहिलाय. एकालाही नावाडी आठवत नाही. लहानपणच्या आठवणी अशाच असतात. माझी आई सांगते की मी लहानपणी गात होतो.”

ते गेल्यावर ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, “आमची कॅसेट मामाने आणली होती. मामा जहाजावर होता, परदेशातल्या दुकानातून आणली. इथे रस्त्यावर मिळायच्या त्या वेगळ्या होत्या, स्वस्त. मैत्रिणीकडची तसलीच होती. तिच्या तळ्यावर कोणी नव्हतं. तेव्हा आम्हाला वाटलं, तिला अजून सापडला नाही.”

मी कपाट उघडलं, प्रमाण प्रत काढली आणि आमच्या दुरुस्ती तंत्रज्ञाकडे नेली. तो तारांना डाग देण्यात पटाईत, बोलण्यात काटकसरी. त्याने कॅसेट न उघडता भिंगातून कडेच्या फटीत पाहिलं.

“एकच चिप,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मोठ्या खेळाला दोन लागायच्या. नकली बनवणारे एकीत बसवायचे. मावलं नाही ते कापायचे.”

थोडक्यात, आमच्या साठ माणसांनी अडीच वर्षं खपून, पोटतिडकीने, अर्ध्या मात्रेवर वाद घालून जे पुन्हा उभं केलं होतं, ती एका अज्ञात नकलाकाराची काटछाट होती. त्या भल्या माणसाने जागा वाचवायला नावाडी कापला, आणि व्हिजनसाहेबांना त्यात नियती दिसली.

पण हा तंत्रज्ञाचा अंदाज. कॅसेट फोडून पाहिली असती तर नियमाप्रमाणे ती प्रमाण प्रत राहिली नसती, आणि न फोडता पुरावा नव्हता. अस्सल कॅसेट हवी होती.

“मामाची कॅसेट कुठे आहे?” मी विचारलं.

ताईंचा चेहरा बदलला. “दादाकडे.”

“मग मागा.”

“सहा वर्षं मी त्याच्या घरात पाऊल टाकलेलं नाही.”

कारण मी विचारलं नाही. बुधवारी सकाळी पावतीपुस्तक घेऊन त्यांच्यासोबत गेलो, कारण बाहेरची वस्तू कार्यालयात आणायची तर पोचपावती लागते. ताई म्हणाल्या, तुम्ही कशाला. पण त्या एकट्या गेल्या नसत्या हे दोघांनाही कळत होतं.

दादांचं चष्म्याचं दुकान. काचेच्या कपाटात फ्रेमा ओळीने लावलेल्या, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि मागच्या जिन्यावरून वर घर. दादांनी मान वर केली. दोघांचं नाक हुबेहूब सारखं.

“आलीस?” ते म्हणाले. “नंबर वाढला असेल.”

“नंबरासाठी नाही आले. मामाची कॅसेट आहे का तुझ्याकडे?”

आतून वहिनी बाहेर आल्या, हात पुसत. “तीच ना? लग्न झाल्यापासून ऐकतेय. लोकांच्या घरात जमिनीवरून भांडतात, यांच्याकडे कॅसेटवरून. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला बसल्या बसल्या विषय निघाला, आणि ह्या भरल्या ताटावरून उठून गेल्या.”

मला सगळं हळूहळू कळलं. त्या कॅसेटमध्ये एकाच खेळाडूचा खेळ साठवता यायचा. ताई नावाड्यापर्यंत पोचल्या, पलीकडे गेल्या, राक्षसाच्या वेशीपाशी थांबून शाळेत गेल्या. परत आल्या तर त्यांच्या जागी दादाचा खेळ होता, पहिल्या गावातला.

“मी मुद्दाम नव्हतं केलं,” दादा म्हणाले.

“यंत्र विचारतं, ‘जुना खेळ पुसायचा का?’ ‘हो’ दाबावं लागतं. दोनदा.”

“मी बारा वर्षांचा होतो.”

“बारा वर्षांची मी होते. तू चौदाचा.”

दादांनी हातातली फ्रेम उगाच पुसली. मी खाकरलो आणि हे सगळं कशासाठी आहे ते थोडक्यात सांगितलं; नोकरीचं सांगितलं तेव्हा ताईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. दादांनी फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाले, “तळ्यावरचा नावाडी? वल्हं हरवलेला? मी त्याला वल्हं दिलंच नाही. पाण्याची भीती वाटायची.”

“चौदाव्या वर्षी!” वहिनी म्हणाल्या.

“पलीकडे फक्त हीच गेली आहे,” दादा म्हणाले आणि जिना चढून वर गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात चष्म्याची एक पेटी होती आणि तिच्यात मऊ कापडात गुंडाळलेली कॅसेट. माणसाने चष्मे इतके जपले असते तर गिऱ्हाइकं दुप्पट झाली असती. “परत पाहिजे मला,” ते म्हणाले. मी पावती फाडली.

कार्यालयात नवीनच अडचण. कॅसेटच्या आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे खेळ साठवता येईना. एका बैठकीत नावाड्यापर्यंत जायचं, यंत्र बंद न करता. ताईंचा हिशेब अकरा तासांचा. बुधवारी दुपारी त्या बसल्या, सहाला उठल्या, आणि यंत्र तसंच चालू ठेवून घरी गेल्या. त्यावर मी ‘बंद करू नये’ असा कागद लावला, खाली सही केली, शिक्काही मारला. शिक्का पाहिला की माणूस बटणाला हात लावत नाही, एवढा अनुभव माझ्यापाशी आहे.

गुरुवारी दुपारी पावणेचारला टकटक थांबली. आजूबाजूचे सगळे उठून आले. मीही गेलो. पडद्यावर पाचव्या गावाबाहेरचं तळं होतं, तेच ठिपक्यांचं निळं पाणी, आणि काठावर एक राखाडी माणूस. नावेत बसलेला, सोळा ठिपके उंच. ताईंनी वीराला त्याच्यापाशी नेलं आणि बटण दाबलं.

‘वल्हं आणलंस? माझं मीच पाण्यात टाकलं होतं. कोणाला पलीकडे न्यावंसं वाटेना. पलीकडचा राक्षस माझा भाऊ आहे.’

नाव हलली. ताईंनी नाक ओढलं, पण ते सर्दीनेही असेल.

व्हिजनसाहेब सर्वांत आधी सावरले. “विलक्षण,” ते म्हणाले. “पण लोकांना हे आठवत नाही. म्हणजे एका अर्थाने हे नवीन आहे.”

शुक्रवारी समिती बसली. व्हिजनसाहेब, वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाई, आणि नोंदी लिहायला मी. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर. व्हिजनसाहेबांनी आधी जाहीर केलं की खेळात एक खास नवी भर घालायची: तळ्यावर नावाडी. संकल्पना त्यांची. वेळापत्रकबाईंनी तीन आठवडे दिले. मग त्यांनी ताईंचं तक्रारपत्र उचललं.

“हे नामंजूर करावं लागेल,” त्या म्हणाल्या. “मला वाईट वाटतं, पण तक्रार प्रमाण प्रतीशी ताडून पाहायची असते. प्रमाण प्रतीत नावाडी नाही.”

“पण तो आहे,” ताई म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आत्ताच तुम्ही त्याला खेळात घेतलंत.”

“ते वेगळं, हे वेगळं. तो खरा असेल. पण नियमात बसत नाही.”

व्हिजनसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे.

मी नोंदवही उघडली. त्या वहीत मी आजवर खाडाखोड केलेली नाही. प्रमाण प्रतीच्या नोंदीवर लाल रेघ मारली आणि मोठ्याने वाचत वाचत लिहिलं: “रद्द. कारण, प्रत नकली आहे. मिळवताना खातरजमा करण्यात प्रशासन अधिकाऱ्याकडून कसूर.” खाली दादांची कॅसेट नोंदवली, ‘प्रमाण प्रत, आजपासून.’ सही केली.

वेळापत्रकबाई म्हणाल्या, “आजपासून असेल, तर सोमवारच्या तक्रारीला कशी लागू होईल?”

“निर्णयाच्या वेळी जी प्रत प्रमाण असेल तिच्याशी ताडायचं,” मी म्हटलं. “नियम नऊ, पोटकलम दोन. निर्णय अजून झालेला नाही.”

“असं पोटकलम आहे?”

“आहे. टाइप मीच केला होता. तेव्हा मसुद्यावर तुमची सही होती, वाचली नसेल.”

त्यांनी कागद मागवला, वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या सेवापुस्तिकेत ही कसूर जाईल, कळतंय ना? सात महिने राहिलेत तुमचे.”

“कळतंय. कारण ती नोंद तिथे लावणारा मीच आहे.”

तक्रार मंजूर झाली. व्हिजनसाहेबांच्या खास नव्या भरीचं नाव इतिवृत्तात ‘राहून गेलेल्या नावाड्याचा समावेश’ असं लिहिलं. ते वाचतील तेव्हा पाहू. माझ्या सेवापुस्तिकेत बत्तीस वर्षांतला पहिला ठपका लागला. मी तो नीट भोक पाडून, तारखेप्रमाणे लावला. दादांचा फोन येतोच आहे. प्रमाण प्रत खेळ बाजारात येईपर्यंत कपाटाबाहेर जाऊ शकत नाही, हे त्यांना पटत नाही. “मग मी तिथे येऊन खेळतो,” ते परवा म्हणाले. “या वेळी वल्हं देईन त्याला.” ताई म्हणाल्या, येऊ दे, पण माझ्या टेबलावर नाही.

महिनाअखेर ताईंना नव्या कराराचं पत्र द्यायचं होतं. मजकूर मीच केला, मीच तपासला, आणि स्वतः त्यांच्या टेबलापाशी नेऊन दिला. मनात थोडं भरूनही आलं होतं, म्हणजे संगीतकाराला येतं तितकं नाही. ताईंनी पत्र घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, वर जाऊन पुन्हा वाचलं आणि पेन्सिलने एके ठिकाणी गोल केला.

“साहेब, अकरा महिने म्हणता,” त्या म्हणाल्या, “आणि तारखा दहा महिन्यांच्या टाकल्यात.”

मी तिथेच उभा राहून बोटांवर महिने मोजले. दहाच होत होते. पत्र परत घेतलं आणि नव्याने टाइप करायला गेलो.